वाचकांचे प्रश्न : जहाज ओळखायचं तर शिडं बघायची की कागद?

या महिन्यात शिडाच्या जहाजांवर तीन पत्रं आली. तिन्ही वेगवेगळ्या गावांहून आली असली तरी विचारणं जवळपास एकच आहे, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलून तिघांना इथेच सविस्तर उत्तर देतो.

प्रश्न : आमच्या रत्नागिरीच्या जुन्या घरात एका शिडाच्या जहाजाचा काळा-पांढरा फोटो फ्रेम करून लावलेला होता, तो आता माझ्याकडे आहे. पणजोबा या जहाजावर तांडेल होते असं घरात सांगतात. नाव कुठेच वाचता येत नाही, मागे फक्त 'मुंबई' एवढंच लिहिलंय. शिडांच्या रचनेवरून हे जहाज कुठलं ते कळू शकेल का? स्कॅन पाठवतोय. (एक वाचक, पुणे)

उत्तर : स्कॅन मोठा करून बघितला. फोटो सुंदर आहे, आणि एक विनंती आधीच करतो की मूळ फोटो फ्रेममधून काढायची घाई करू नका, जुने फोटो काचेला चिकटलेले असतात आणि ओढले की वरचा थर काचेसोबत येतो. आहे तसाच सांभाळा, पुढचं काम स्कॅनवर होतं.

आता शिडं. यात गोंधळ वाटतो पण पद्धत सोपी आहे, आधी डोलकाठ्या मोजायच्या आणि मग प्रत्येक काठीवर आडव्या काठ्या आहेत का ते बघायचं, कारण चौकोनी शीड आडव्या काठीला टांगलेलं असतं आणि शीड गुंडाळलेलं असलं तरी आडवी काठी दिसतेच. तीन डोलकाठ्या आणि तिन्हींवर आडव्या काठ्या असतील तर ते फुल-रिग्ड शिप, थोडक्यात नुसतं 'शिप'. पुढच्या दोन्हींवर आहेत आणि सगळ्यात मागच्या काठीवर नाहीत, तिथे फक्त जहाजाच्या लांबीच्या दिशेने लागणारं शीड आहे, तर बार्क. फक्त पहिल्या काठीवर आहेत आणि मागच्या दोन्हींवर नाहीत तर बार्कंटीन. दोनच डोलकाठ्या आणि दोन्हींवर चौकोनी शिडं म्हणजे ब्रिग, आणि कुठल्याच काठीवर मुख्य चौकोनी शिडं नाहीत, सगळी लांबीच्या दिशेची आहेत, तर स्कूनर. आपल्या नौदलाची आयएनएस तरंगिणी तुम्ही बघितली असेल, ती गोव्यात बांधलेली तीन काठ्यांची बार्क आहे, तिचा एखादा फोटो शेजारी ठेवून तुमचा फोटो बघा म्हणजे लगेच लक्षात येईल.

तुमच्या फोटोत तीन काठ्या आहेत, मागच्या काठीवर एकही आडवी काठी नाही, म्हणजे ही बार्क. आणि पुढच्या दोन काठ्यांवर खालून दुसरी आणि तिसरी आडवी काठी एकमेकींना अगदी जवळजवळ चिकटून आलेल्या दिसतायत ना, ती फार मोलाची खूण आहे. पूर्वी टॉपसेल (काठीवरच्या सगळ्यात खालच्या शिडाच्या वरचं शीड) हे एकच प्रचंड शीड असायचं आणि वादळात ते आवरायला खूप माणसं वर चढवावी लागायची. १८५० च्या दशकापासून ते दोन तुकड्यांत करायची पद्धत अमेरिकन जहाजांवरून पसरत गेली, खालच्या तुकड्याची काठी जागेवर पक्की आणि वरच्याची खाली-वर होणारी. जहाज बंदरात उभं असताना वरची काठी खाली उतरवून ठेवलेली असते म्हणून त्या दोन जवळजवळ दिसतात. म्हणजे तुमचा फोटो १८५० च्या आधीचा असण्याची शक्यता फारच कमी, आणि पणजोबांचा काळ धरला तर १८७० ते १९०० च्या आसपासचा असायला काहीच हरकत नाही.

आणखी एक तपासा, फोटो उलटा तर छापलेला नाही ना. काचेची निगेटिव्ह चुकून दुसऱ्या बाजूने छापली की डावं उजवं होतं आणि मग बंदर ओळखताना माणूस हमखास चुकतो. फोटोत कुठेही अक्षर दिसत असेल, मागच्या होडीवर, गोदीच्या भिंतीवर, तर ते झूम करून बघा.

पण तुमचा खरा प्रश्न जहाज 'कुठलं' हा आहे, आणि त्याचं स्पष्ट उत्तर असं की नुसत्या शिडांवरून ते कळणार नाही. तीन काठ्यांच्या बार्क त्या काळात जगभर हजारोंनी होत्या. शिवाय रिगिंग, म्हणजे काठ्या-शिडं-दोरांची मांडणी, ही जहाजाची कायमची गोष्ट नसतेच, ती त्या त्या वर्षाची गोष्ट असते, हे जुन्या जहाजांचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी मनावर कोरून घ्यावं असं मला वाटतं. डार्विन ज्या बीगल जहाजातून १८३१ मध्ये निघाला ते १८२० मध्ये पाण्यात उतरलं तेव्हा दोन काठ्यांची ब्रिग होतं, तिसरी काठी नंतर सर्वेक्षणाच्या कामासाठी लावली आणि त्याची बार्क झाली. चहाची वाहतूक करणारं प्रसिद्ध कटी सार्क १८६९ मध्ये स्कॉटलंडमध्ये फुल-रिग्ड शिप म्हणून बांधलं, १८९५ मध्ये पोर्तुगीजांनी ते विकत घेऊन नाव बदललं, १९१६ मध्ये वादळात त्याच्या काठ्या गेल्या आणि महायुद्धाच्या महागाईत केपटाउनला त्याची चक्क बार्कंटीन करून टाकली, पुढे १९२२ मध्ये एका इंग्रज कप्तानाने ते परत विकत घेतलं आणि पुन्हा शिप केलं. आता १९१८ सालचा त्याचा फोटो कुणाला नावाशिवाय सापडला तर तो माणूस जन्मात कटी सार्क म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तर कितीतरी मालवाहू शिपांची बार्क केली गेली, कारण मागच्या काठीवरची चौकोनी शिडं काढली की खलाशी कमी लागतात आणि वाफेच्या जहाजांशी स्पर्धा करताना मालकाला पगाराचा एकेक रुपया मोजावा लागत होता. म्हणून फोटोत बार्क आणि जुन्या नोंदीत शिप असं दिसलं तर लगेच 'हे ते नाही' म्हणून सोडून देऊ नका.

तुम्ही जहाजाकडून नको, पणजोबांकडून सुरुवात करा. घरात त्यांचे डिस्चार्जचे (जहाजावरची नोकरी संपल्याचे) कागद, पेन्शनचं पत्र, काहीही असेल तर त्यावर जहाजाच्या नावासोबत एक आकडा असू शकतो, तो ऑफिशियल नंबर. ब्रिटिश साम्राज्यात नोंदलेल्या व्यापारी जहाजांना १८५५ पासून असा नंबर मिळायला लागला, तो जहाजाच्या मुख्य तुळईवर कोरलेला असायचा आणि मालक बदलला, नाव बदललं, रिगिंग बदललं तरी ब्रिटिश नोंदीत जहाज असेपर्यंत तोच राहायचा. एकाच नावाची पंचवीस जहाजं एकाच वेळी समुद्रावर असायची त्यामुळे नावापेक्षा हा नंबर दसपट भरवशाचा.

नंबर किंवा निदान नाव मिळालं की लॉइड्स रजिस्टर ही जहाजांची छापील यादी उघडा. आज हाती असलेला त्याचा सगळ्यात जुना खंड १७६४ चा आहे आणि जुने खंड इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. त्यात एकेका ओळीत जहाजाचं नाव, कप्तान, रिगिंगचं संक्षिप्त अक्षर, टनेज, कुठे आणि कधी बांधलं, मालक कोण, सगळं असतं. एकच खंड बघून थांबू नका, पाच पाच वर्षांच्या अंतराने बघत जा म्हणजे शिपची बार्क कधी झाली तेही सापडेल, आणि तिथेच तुमच्या फोटोची तारीख आणखी आवळता येईल. खलाशांच्या याद्या हव्या असतील तर १८६३ नंतरच्या बहुतेक ब्रिटिश याद्या आश्चर्य वाटेल अशा ठिकाणी आहेत, कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत. दर दहा वर्षांतल्या पाचने संपणाऱ्या सालांच्या, म्हणजे १८७५, १८८५ अशा, लंडनमधल्या ग्रीनिचच्या सागरी म्युझियमकडे आहेत आणि नमुन्यादाखल काही भाग लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये. एक मात्र आधीच सांगून ठेवतो, आपल्या कोकणातल्या लास्कर लोकांचे, म्हणजे इंग्रज जहाजांवरच्या देशी खलाशांचे, करार वेगळ्या कागदावर व्हायचे आणि पुष्कळदा त्या मुख्य यादीत त्यांची नावं येतच नाहीत. ज्यांनी ती जहाजं अर्ध्या जगाला फिरवली त्या सारंग-तांडेलांची नावं शोधायला सगळ्यात कठीण असावीत हे मला फार लागतं, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जे आठवतंय ते आजच लिहून घ्या, बंदरांची नावं, साहेबाचं नाव, कुठला माल होता, काहीही.

प्रश्न : आम्ही इंग्लंडच्या ईशान्य भागात राहतो. हार्टलपूलला ट्रिंकोमाली नावाचं जहाज बघायला गेलो तर ते मुंबईत बांधलेलं निघालं, मुलं एकदम खूश. पण त्यावरच्या काठ्या, दोर हे सगळं १८१७ चंच आहे का? आणि नसेल तर कुठला दोर कुठे बांधायचा हे आज कुणाला कसं कळलं? (एक वाचक, न्यूकासल)

उत्तर : मुलांना घेऊन गेलात हे फार छान केलंत. हो, ते मुंबईचंच. वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बोमनजी वाडियांनी ते बांधलं. या घराण्याचे लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि १७५० ला मुंबईत पहिली सुकी गोदी झाली, त्या गोदीतून पुढे शंभरेक वर्षं एकाहून एक जहाजं निघाली. १८४२ चा नानकिंगचा तह ज्या कॉर्नवॉलिस जहाजावर सही झाला ते मुंबईचं, १८२७ च्या नवारिनोच्या लढाईत इंग्रज अ‍ॅडमिरलचं निशाण ज्या एशियावर होतं तेही मुंबईचंच.

ट्रिंकोमालीची गोष्ट नकाशापासूनच, म्हणजे बांधणीच्या आराखड्यापासूनच, अडखळत सुरू होते. इंग्लंडमध्ये ओक लाकडाची टंचाई होती आणि मलबारच्या सागाचं नाव झालेलं होतं म्हणून १८१२ मध्ये ऑर्डर मुंबईला दिली, पण नकाशे घेऊन निघालेली जावा ही फ्रिगेट (एका मुख्य तोफमजल्याची वेगवान युद्धनौका) त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्राझीलजवळ अमेरिकनांच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेच्या हाती लागली, आणि नकाशांच्या नव्या प्रती पाठवाव्या लागल्या. १८१६ मध्ये कामाला सुरुवात झाली, पारशी रिवाजाप्रमाणे तळाच्या मुख्य तुळईत चांदीचा खिळा ठोकला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. नकाशाचं मूळही गमतीचं आहे, इंग्रजांनी १७८२ मध्ये हेबे नावाची फ्रेंच फ्रिगेट पकडली होती, तिच्या आकारावरून हा सगळा लेडा वर्ग, म्हणजे ट्रिंकोमालीसारख्या एकाच आराखड्याच्या फ्रिगेटींचा गट, बेतलेला. म्हणजे आकार फ्रेंच, ऑर्डर इंग्रज, लाकूड आणि हात आपल्याकडचे.

आता तुमचा मुद्दा. जहाजाच्या अंगातलं सागवान पुष्कळसं मूळचं आहे, डोलकाठ्या, आडव्या काठ्या आणि दोर मात्र मूळचे नाहीत आणि असूही शकत नाहीत. दोर तागासारखा धागा असलेल्या हेम्पचे, डांबर लावलेले, ते काही वर्षांत बदलावेच लागतात. शिवाय या जहाजाचं आयुष्यच असं गेलं की काठ्या टिकायला वावच नव्हता. १८१९ मध्ये ते पोर्ट्समथला पोचलं तेव्हा नेपोलियनची युद्धं संपलेली, नौदलाला त्याची गरज उरली नव्हती, म्हणून राखीव ताफ्यात ठेवलं. राखीव ठेवायचं म्हणजे वरच्या काठ्या, रिगिंग, तोफा सगळं उतरवायचं आणि सांगाडा नांगरून ठेवायचा. असं पंचवीसेक वर्षं गेली. १८४५ नंतर त्याची मागची बाजू गोलाकार करून, ३८ तोफांच्या जागी २६ मोठ्या तोफा ठेवून त्याला कॉर्व्हेट (फ्रिगेटहून खालच्या वर्गाची युद्धनौका) केलं आणि मग कुठे ते अटलांटिक आणि पॅसिफिकला खरीखुरी नोकरी करायला निघालं. पुढे प्रशिक्षणाचं जहाज, मग १८९७ मध्ये भंगारात. तिथून जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांनी ते वाचवलं. त्यांचं आधीचं फुद्रोयां हे जहाज त्याच वर्षी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटलं होतं, म्हणून त्यांनी यालाच फुद्रोयां नाव दिलं आणि १९८६ पर्यंत मुलं त्यावर शिकली. त्यामुळे तुम्हाला जुने फोटो शोधायचे असतील तर फुद्रोयां नावानेही शोधा, नाहीतर जवळजवळ नव्वद वर्षांचे फोटो तुमच्या हातून निसटतील. १९८७ मध्ये ते हार्टलपूलला आणलं, १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळालं आणि २००१ पर्यंत दुरुस्ती चालली.

मग कुठला दोर कुठे, हे कसं कळतं? इथे नौदलाच्या जहाजांचं काम व्यापारी जहाजांपेक्षा सोपं आहे, कारण त्या काळच्या इंग्रज नौदलात हे कुणाच्या मर्जीवर नव्हतं. किती तोफांच्या जहाजाला मुख्य डोलकाठी किती यार्ड लांब, किती इंच जाड, कुठल्या दोराचा घेर किती, याचे तक्ते ठरलेले होते (दोर जाडीने नाही, घेराने मोजायचे, हे जुने कागद वाचताना लक्षात ठेवा नाहीतर दोर तिप्पट जाड होऊन बसतो). एकाच वर्गाच्या अनेक जहाजांचे नकाशे ग्रीनिचच्या संग्रहात जपलेले आहेत, एकाचं कमी पडलं तर दुसऱ्याचं बघता येतं. याच वर्गातलं यूनिकॉर्न डंडीला उभं आहे, तुमच्यापासून गाडीने जाण्यासारखं, नक्की जा. ते १८२४ मध्ये पाण्यात उतरलं आणि थेट राखीव ताफ्यात गेलं, त्याला समुद्रावर जाण्यासाठी कधी रिगिंग लागलंच नाही, वर छप्पर घालून ठेवलं. दोन्ही सख्खी भावंडं एकापाठोपाठ बघितली तर मुलांना न सांगता समजेल की लाकडी अंगावर काठ्या-दोर चढले की जहाज किती वेगळं दिसतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर असं पुन्हा उभं केलेलं रिगिंग खोटं नाही, पण बघताना 'हे कुठल्या वर्षाचं रूप उभं केलंय' हा प्रश्न तिथल्या गाइडला जरूर विचारावा. १८१७ ची फ्रिगेट आणि १८४७ चं कॉर्व्हेट ही त्याच सागाची दोन वेगळी रूपं आहेत. मुंबईच्या बाजूचे कागद हवे असतील तर सुट्टीत आलात की काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली सरकारी दफ्तरं बघता येतात, आधी परवानगीचा अर्ज करून ठेवा.

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे. आठवीची मुलं आंग्र्यांच्या आरमारातली गुराब बनवतायत. इंटरनेटवर शोधलं तर कुठे तीन काठ्यांची, कुठे दोन, आणि बऱ्याच चित्रांत सरळ स्पॅनिश जहाजच काढून खाली गुराब लिहिलेलं. नक्की कसं करायचं? (एक शिक्षिका, सिंधुदुर्ग)

उत्तर : बाई, मुलांनी चित्रावर शंका घेतली हेच मला फार आवडलं. दोन आणि तीन दोन्ही बरोबर आहेत. अठराव्या शतकातल्या इंग्रज वर्णनांत असं सांगितलंय की गुराबींना बहुतेक दोनच डोलकाठ्या, काहींना तीन. दोन काठ्यांची साधारण दीडशे टनांपर्यंत आणि तीन काठ्यांची तीनशे टनांच्या आसपास. वर्गात ठेवायचं मॉडेल असेल तर दोन काठ्यांचीच करा, तीच जास्त प्रातिनिधिक.

पण गुराब ओळखायची ती काठ्यांवरून नाही, नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून. युरोपियन जहाजाचं तोंड वर उचललेलं आणि गोल, त्यातून एक तिरका लांब दांडा पुढे गेलेला. गुराबीचं तोंड तसं नाही, मधल्या भागापासून अंग निमुळतं होत जातं आणि पुढे चोचीसारखं लांब, बसकं टोक निघतं, भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखं. या टोकाच्या मागे आडवी भिंत आणि त्या भिंतीतल्या भोकांतून दोन तोफा सरळ पुढे रोखलेल्या. तळ उथळ, लांबीच्या मानाने रुंदी बरीच. तुमच्या चित्रांत पुढे उंच डौलदार माळा आणि तिरका दांडा दिसला की ते चित्र बाजूला ठेवा.

ही रचना का, हे मुलांना सांगायला विसरू नका कारण इथे शिडांचा थेट संबंध आहे. गुराबी कंपनीच्या जहाजाच्या बाजूला जाऊन त्याच्या तोफांच्या रांगेसमोर उभ्या राहत नसत, त्या मागून यायच्या आणि पुढच्या तोफांनी आधी काठ्या आणि दोर तोडायच्या. काठी पडली की मोठं जहाज जागेवर खिळतं आणि मग जवळ जाऊन माणसं चढवता येतात. वारा पडला की तर फारच चांगलं, कारण तेव्हा गलबतं, म्हणजे ताफ्यातल्या लहान वल्ह्यांच्या नौका, वल्ही मारत गुराबींना ओढून जागेवर नेत. उथळ तळामुळे खाडीत शिरून नाहीसं होणंही सोपं.

शिडांचं म्हणाल तर युरोपियन चित्रांत मोठ्या गुराबींवर आडव्या काठ्यांची चौकोनी शिडं दिसतात. गलबताचं वेगळं, ते सत्तर टनांच्या आतलं, काठ्या दोन पण मागची अगदी किरकोळ, पुढच्या मोठ्या काठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड आणि ते चढवलं की त्याचं टोक डोलकाठीच्याही बरंच वर जायचं. चाळीस-पन्नास वल्ही. त्रिकोणी शिडाच्या काठीचा अंदाज घ्यायला मुलांना जुन्या फत्तेमारीचे (किनाऱ्यावरच्या शिडाच्या मालवाहू नौकेचे) फोटो दाखवा, तिची डोलकाठी पुढच्या बाजूला झुकलेली असते, ती युरोपियन जहाजाच्या काठीसारखी ताठ किंवा मागे कललेली नसते.

आणि मॉडेलखालच्या पाटीवर साल लिहायला लावा. नुसतं 'मराठा आरमार' लिहिलं की कान्होजींच्या काळापासून, म्हणजे १७२९ च्या आधीपासून, ते फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या खाडीत तुळाजींचं आरमार जळालं तोपर्यंतचं सगळं एकात एक मिसळतं. मधल्या काळात ताफ्यात पकडलेली इंग्रज जहाजंही होती, १७३५ मध्ये पकडलेलं डर्बी हे कंपनीचं मोठं जहाज त्यातलंच, आणि उलट बाजूला मुंबईकर इंग्रजांनी स्वतःच्या आरमारात गुराबी आणि गलबतं ठेवलेली होती. म्हणजे जुन्या चित्रात गुराब दिसली तरी ती आंग्र्यांचीच असेल असं नाही, आधी निशाण बघायचं.

मुलं जास्त असतील तर दोन गट करा, एका गटाला गुराब आणि दुसऱ्याला वल्ह्यांसकट गलबत द्या, दोघांना एकच माप ठरवून द्या म्हणजे शेजारी ठेवल्यावर फरक खरा दिसेल. शिडांसाठी मांजरपाट उत्तम, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की रंगही बरोबर येतो. झालं की फोटो पाठवा, पुढच्या अंकात छापतो.